कडी

रविवारी लोक मुलांना घेऊन आधी तारांगणात जातात,
तिथून तळ्यावर, पायानं हाकायच्या बोटीत,
मग जुन्या प्राणिबागेत, जिथली हत्तीण
आता ब्राझीलला राहते.
हाडांच्या संग्रहालयात रांग असते. आइस्क्रीमला त्याहून मोठी.
एवढ्या सगळ्यातून उरलेले पैसे आणि उरलेलं ऊन घेऊन
ते बोएदोत येतात, माझ्याकडे.

माझी कालेसीता. सतरा घोडे,
एक सिंह, जबड्यात बोटं घालून घालून गुळगुळीत झालेला,
एक विमान, त्याचा पंखा कुणीतरी नेला,
आणि एक डुक्कर,
ज्यावर आधी कुणी बसत नाही आणि मग कुणी उतरत नाही.

मी बाहेर उभा. हातात पेरूच्या आकाराचं लाकूड,
त्याच्या टोकाला पितळी कडी.
चक्र फिरतं, मुलं हात लांबवतात,
कडी ज्याच्या मुठीत त्याला पुढची फेरी फुकट.
लोकांना वाटतं, नशीब.
त्रेचाळीस वर्षं हे नशीब माझ्या मनगटात आहे.
वाढदिवसाच्या पोराला लगेच द्यायची,
रडक्याला जरा थांबून,
आगाऊ असेल त्यालाही द्यायची, पण घाम काढून.

फेर्मीन सात वर्षांचा. एक रविवार आड बापाबरोबर येतो.
पाठीवर दप्तर, दप्तरात पायजमा आणि ब्रश.
दोन घरांचं पोर दप्तराच्या फुगीवरून ओळखू येतं.
सहाला त्याला आईकडे पोचवायचं असतं.
पावणेसहाला बाप माझ्याकडे बघतो,
बोलत काही नाही, भुवई एवढीशी वर.
मी मनगट सैल सोडतो.

खरं सांगतो, पोराला कडीची फारशी पडलेली नसते.
त्याला भूक लागलेली असते, घरी मांजर असतं.
तो हात पुढे करतो तो बापासाठी,
कुणी प्रेमानं दिलेला, पार निवलेला चहा
आपण पिऊन टाकतो, तसा.

बापाला मी ओळखतो. तो मला विसरलाय.
एकोणनव्वद साली तो सिंहावर बसायचा.
सकाळचं तिकीट संध्याकाळी दुप्पट व्हायचं तेव्हा;
नोटा मोजून मोजून कंटाळलो आणि
बाटल्यांची झाकणं घ्यायला लागलो.
एकदा सलग अकरा वेळा दिली होती त्याला कडी.
घरी जाऊ नकोस म्हणालो नाही.
त्यानंही विचारलं नाही.

जानेवारीच्या शेवटी घाईघाईत
कडी पोराच्या मुठीतच निघून गेली.
पाच आठवडे मी किल्ल्यांचं कडं लावून भागवलं.
किल्ल्या खिशात सुट्या, रोज दारात उभं राहून शिव्या.
ते कडं हलकं, हात लागायचा अवकाश की सुटायचं.
नको त्या पोरांनी फुकट फेऱ्या मारल्या.

मार्चात, शाळा सुरू झाल्यावर, फेर्मीन आला.
बुधवारी, आईबरोबर.
वार चुकला म्हणून मी चेहराही चुकलो.
"ही राहिली होती," म्हणाला.
कडी त्याच्या खिशात तापली होती.
आई म्हणाली, "दर वेळी एवढा उशीर
कशानं होतो, ते बघायला आले."
मी म्हणालो, चक्र जुनं आहे बाई, हळू फिरतं.
तिनं चक्राकडे पाहिलं, माझ्या मनगटाकडे पाहिलं.
"मोठ्यांना चालतं का?"

ती डुकरावर बसली. पर्स मांडीवर, पाय दुमडून.
"मी धरू?" पोरानं विचारलं.
मी लाकूड त्याच्या हातात दिलं
आणि त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
माझा हात कुठे ठेवायचा ते मला कळेना.

पोरगं पक्कं निघालं.
ती आली की वर, ती वाकली की खाली,
ती चिडून ओरडली तेव्हा पाठीमागे.
एकदाही दिली नाही.
चक्र थांबलं. मांजर घरी उपाशी.
तिचा हात अजून तसाच बाहेर,
बोटं उघडी.